उंच बॉनेटची पाहुणी

जुनी जीप घरी दुरुस्त करायची म्हटली, की पहिला सल्ला ठरलेला : ‘हे पेट्रोलचे इंजिन भंगारात द्या आणि डिझेलचे बसवा!’ आमच्या अंगणात १९६५ सालची महिंद्राची सीजे-३बी येऊन उभी राहिली, तेव्हा मिस्त्री, शेजारी आणि धाकटे मेहुणे या तिघांचेही त्यावर एकमत झाले. मला मात्र ते पटेना.

कारण या जीपचे रूपच मुळी इंजिनाने घडवलेले. विलीज कंपनीने १९५३ साली तिच्यात ‘हरिकेन’ हे चार सिलिंडरचे, सुमारे २.२ लिटरचे इंजिन घातले. पेट्रोल-हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, धूर बाहेर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळे इंजिन उंच झाले आणि ते मावावे म्हणून बॉनेटही. १९४७ पासून मुंबईत विलीज जीपची जोडणी करणाऱ्या महिंद्रांनी पुढे हीच उंच बॉनेटची जीप वर्षानुवर्षे बनवली. ते इंजिन गेले, की उरते नुसते उंच झाकण!

शिवाय कायदाही आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या आणि चॅसी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार न झालेल्या गाडीलाच ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळते.

मग लागलो कामाला. सौ.ने फराळाचे रिकामे डबे दिले; काढलेला प्रत्येक नटबोल्ट चिठ्ठी लावून त्यांत गेला. इंजिन जाम होते. प्लग काढून सिलिंडरांत डिझेल आणि ऑइल ओतले व आठ दिवस वाट पाहिली. नवव्या दिवशी हँडल फिरले! पण दोन सिलिंडरांत दाब भरेना. आता दोष कुणाचा, रिंगांचा की व्हॉल्व्हचा? त्याची युक्ती सोपी आहे. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडावे. दाब वाढला तर रिंगा झिजल्या. न वाढला तर व्हॉल्व्ह गळतात असे समजावे. आमचा दाब जागचा हलला नाही. हेड उतरवले, पेस्ट लावून व्हॉल्व्ह चार संध्याकाळ घासले, तेव्हा ते बैठकीवर घट्ट बसले.

भंगारात निघालेल्या इंजिनाचे दुखणे एवढेच होते. यंदा खंडेनवमीला झेंडूचा हार पडला, तो जुन्या इंजिनाच्या त्याच उंच बॉनेटवर. हार घालणारे हात धाकट्या मेहुण्यांचे होते!