गिटारची दांडी आणि बोटांचा वेग

जलद वादन ऐकले की आपण वादकाच्या बोटांना दाद देतो. रास्तच आहे, पण त्या बोटांखालची दांडी कशी आहे, हे सहसा कोणी विचारीत नाही. ज्याचा पंजा लहान आहे त्याला मात्र (मी त्यांतलाच) हा विचार करावाच लागतो.

दांडी जाड असली की लहान हाताची करंगळी दूरच्या तारेपर्यंत पोहोचत नाही. पातळ दांडीवर अंगठा मागे राहतो व बोटे मोकळी होतात. आयबानेझ कंपनीची ‘विझार्ड’ दांडी पहिल्या पडद्यापाशी सुमारे १७ मिलिमीटरच जाड असते. अर्थात फार पातळ दांडीने काहींचा हात उलट लवकर दुखतो.

पडद्यांची गोष्ट अधिक रंजक आहे. पडदे उंच असले की बोट लाकडाला घासत नाही. १९८०च्या दशकात गाजलेला इंग्वे माल्मस्टीन तर पडद्यांमधले लाकूड कोरून काढलेली गिटार वाजवतो. त्याच्याही आधी, १९७०च्या दशकात, ‘शक्ती’मध्ये झाकीर हुसेन यांच्या तबल्यासोबत जॉन मॅकलॉफलिन अशीच कोरीव पट्टी वाजवीत; तार ओढून तिच्यावर वीणेसारखी मींड घेता येई. मात्र दाब किंचित वाढला तरी सूर चढतो. खुरपे घट्ट धरायची सवय झालेल्या माझ्या हाताला हा हलकेपणाच अवघड वाटतो.

सध्या माझ्याकडे मित्राची जाड दांडीची गिटार आहे. बाराव्या पडद्यापाशी दोन पडद्यांतले अंतर सुरुवातीच्या निम्मे होते, म्हणून जलद ताना मी तिथेच बसवीत आहे.