कुमारवय आणि मन – लेखांक ७ : चाळणीनंतरची रुजुवात

मनोविकारांपैकी पुष्कळांचा उगम कुमारवयातच होतो, हे मागील लेखांकात आपण पाहिले; आणि ते एकदा मान्य केले म्हणजे शाळेतील यच्चयावत मुलामुलींची मनःस्थिती एकदाच तपासून का घेऊ नये, हा प्रश्न ओघानेच उपस्थित होतो. सिल्वासा आणि त्याच्या परिसरातील वाचकाला तर तो अधिकच स्वाभाविक वाटेल. सामुदायिक तपासणी म्हणजे काय, हे या भागाने सिकलसेलच्या निमित्ताने प्रत्यक्ष पाहिलेले आहे. शेजारच्या वलसाडच्या रक्तदान केंद्राने आणि पुढे २०२४ साली पद्मश्रीने सन्मानित झालेल्या डॉ. यझदी इटालिया यांनी दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात या रोगाच्या शोधाचे जे कार्य केले, त्याची पद्धत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. प्रथम बोटातून थेंबभर रक्त घेऊन विद्राव्यतेची स्वस्त व सोपी चाचणी करावयाची, तीत संशय आला तर यंत्राच्या साहाय्याने त्याची रुजुवात करावयाची, आणि त्यानंतरच एखाद्याला रोगी अथवा वाहक म्हणावयाचे, असा तो क्रम आहे. पहिल्या पायरीवर चाळणी, दुसरीवर निदान; या दोहोंची गल्लत तेथे होत नाही.

मनाच्या तपासणीत मात्र काढावयाचा थेंबच नसतो. तेथे असते ती प्रश्नावली. अमेरिकेत स्पिट्झर, क्रोन्के आणि विल्यम्स या संशोधकांनी तयार केलेली 'पीएचक्यू-९' ही त्यांतली सर्वांत प्रचलित. कुमारवयीनांसाठी तिची निराळी आवृत्तीही आहे. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, उत्साह, एकाग्रता इत्यादींची काय अवस्था होती, असे नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस, आणि दहा किंवा त्याहून अधिक गुण पडले तर पुढील चौकशी करावी, असा सर्वसाधारण शिरस्ता. आता परीक्षेच्या आदल्या आठवड्यात हा कागद हाती दिला, तर किती मुले दहाच्या पलीकडे जातील, याची कल्पना कोणत्याही शिक्षकाला करता येईल. आणि ज्याच्या मनात खरोखरच काही सलते आहे, असा एखादा अबोल मुलगा वर्गशिक्षकांच्या देखत सर्वत्र 'मुळीच नाही' लिहून मोकळा होईल, हेही तितकेच संभवनीय आहे.

येथे थोडे अंकगणित करणे भाग आहे, आणि वाचकांनी त्याचा कंटाळा करू नये, कारण सगळा विषय त्यावर उभा आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत जे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले, त्यात १३ ते १७ या वयोगटात मनोविकारांचे प्रमाण सुमारे ७.३ टक्के आढळले. त्या बारांत गुजरात होते, महाराष्ट्र नव्हते. उलट गोव्यात दोन हजारांहून थोड्या अधिक कुमारांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला, त्यात हेच प्रमाण दोन टक्क्यांहूनही कमी निघाले, आणि ज्यांना कुटुंबाचा भक्कम आधार होता त्यांच्यात विकार विरळ दिसले. आता समजा, एक प्रश्नावली आजारी मुलांपैकी ८० टक्के अचूक हेरते आणि निरोगी मुलांपैकी ८० टक्के अचूक वगळते. दोन टक्क्यांच्या हिशेबाने हजार मुलांत वीस आजारी. त्यांपैकी सोळा हाती लागतील, परंतु उरलेल्या ९८० निरोगी मुलांपैकी १९६ जणांवरही तीच खूण होईल. म्हणजे खूण झालेल्या तेरांत एकच खरा! सात टक्क्यांच्या हिशेबाने तेच प्रमाण साधारण चारांत एक असे होते. प्रश्नावली तीच, पण ती जेथे वापरावी तेथील वस्तुस्थितीनुसार तिच्या उत्तराची किंमत पालटते.

या आकड्यांनी कोणी असा निष्कर्ष काढू नये की चाळणीच व्यर्थ आहे. सिकलसेलच्या पहिल्या चाचणीतही चुका होतातच. त्या निस्तरायला दुसरी पायरी सज्ज असते, एवढाच भेद. जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ साली चाळणी-तपासणीची जी तत्त्वे सांगितली, त्यांत निदानाची व उपचाराची सोय उपलब्ध असली पाहिजे, ही अट आहे. अमेरिकेच्या 'प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स' या तज्ज्ञ मंडळाने २००९ साली १२ ते १८ वयाच्या मुलांची नैराश्यासाठी तपासणी करण्याची शिफारस केली तीही अचूक निदान, मानसोपचार आणि पाठपुरावा यांची व्यवस्था असेल तर, या अटीवर. आपल्याकडे अशा शिफारशींचा पूर्वार्ध फर्मानासारखा वाचला जातो आणि उत्तरार्ध दफ्तरात पडून राहतो, असे माझे मत झाले आहे.

कागदावर पाहता आपल्या देशात योजनांची वाण नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभच २०१३ साली येथून जवळच्या पालघरला झाला. २०१४ साली १० ते १९ वयासाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला आणि त्यात मानसिक आरोग्याला स्थान मिळाले. २०२० पासून प्रत्येक शाळेत दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्याची योजना आहे. आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत एक तरी पात्र समुपदेशक असावा, असा निर्देश दिला.

परंतु या योजना ज्यांच्यासाठी, ती मुले सगळी एका साच्याची नाहीत. सिल्वासा ज्यात आहे त्या दादरा नगर हवेलीची लोकसंख्या २००१ साली २ लाख २० हजार होती, ती २०११ साली ३ लाख ४३ हजारांवर गेली. या वाढीत कारखान्यांच्या ओढीने दूरदूरच्या प्रांतांतून आलेल्या कुटुंबांचा वाटा मोठा आहे. परिणामी खानवेलकडची वारली घरातील मुलगी आणि पिपरिया-मसाटच्या वसाहतीतील कामगाराचा मुलगा, या दोघांच्या दुःखाची जातकुळीच भिन्न असू शकते. एकीला वसतिगृहात रात्री घर आठवते, दुसऱ्याला पाळीवर गेलेले आईबाप भेटतच नाहीत. छापील कागद या दोघांना एकाच मापाने मोजील. म्हणून मला वाटते, आरंभ कागदाने होऊ नये. वारंवार पोट दुखते म्हणून घरी जाणारी मुलगी, अकस्मात शाळा चुकवू लागलेला मुलगा, यांची दखल प्रथम शिक्षकांनी घ्यावी. मग घरची बोली जाणणाऱ्या परिचारिकेने दार लोटून निवांत बोलावे. आणि गरज पडल्यास प्रकरण सिल्वासाच्या विनोबा भावे रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांपर्यंत जावे. ही वाट वहिवाटीची झाली, की मग प्रश्नावली खुशाल आणावी.

तिच्यातील नवव्या प्रश्नाविषयी मात्र कोणतीही सवलत नाही. जगणे नकोसे होण्याविषयीचा तो प्रश्न ज्या दिवशी विचारला, त्याच दिवशी सर्व कागद वाचले गेले पाहिजेत. एखाद्या मुलाने 'जवळजवळ रोज' असे लिहावे आणि तो गठ्ठा कचेरीच्या बारनिशीत महिनाभर पडून राहावा, यापेक्षा न विचारलेले बरे. अशा मुलाशी त्याच दिवशी विश्वासू व्यक्तीने बोलावे, त्याला एकटे सोडू नये, आणि तज्ज्ञ हाताशी नसेल तर 'टेलि-मानस'च्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर संपर्क साधावा. २०२२ पासून ही सेवा अहोरात्र चालू आहे.

राहिला प्रश्न आईवडिलांचा. मुलाने विश्वासाने सांगितलेले त्यांना किती सांगावे, तपासणीपूर्वी त्यांची संमती कशी घ्यावी, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अल्पवयीनांच्या बाबतीत पालकांना कोणते स्थान दिले आहे, याचा तपशील पुढील लेखांकात घेऊ.