पायवाट आणि सायकलीचा हक्क

इंग्लंडमधील माळरानांवर पायवाट पादचाऱ्यांची. घोडेवाटेवर मात्र १९६८ च्या कायद्याने सायकलस्वारासही मुभा मिळाली, पायी वा घोड्यावरून येणाऱ्यास आधी वाट द्यावी या अटीवर. बंगळूरच्या दक्षिणेस तुरहळ्ळीच्या खडकाळ टेकड्यांत असा भेद संभवत नाही. हे राखीव वन आहे, आणि कर्नाटक वन अधिनियम, १९६३ अन्वये येथे अनधिकृत प्रवेश हाच गुन्हा ठरतो. नकाशावरील तुटक रेषा वाट असल्याचे सांगते, हक्क असल्याचे नव्हे. म्हणून चढउतार मोजण्यापूर्वी वनहद्द पाहावी. वनखात्याची परवानगी नसेल, तर मार्ग हद्दीबाहेरील गावरस्त्यांनी न्यावा. अंतर वाढते, ते वाढू द्यावे. बन्नेरघट्ट्याकडे वळण्याचा मोह तर टाळावाच, कारण तेथे हत्तींचा वावर आहे.