परिपाठातील बातमी ते भाषण : मुलांना बातमी तपासायला कशी शिकवावी?



प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष झाला की परिपाठात एक मूल बातम्या वाचतं. आपलं निम्मं लक्ष हजेरीत असतं. माझंही असायचं. एका बातमीनं ती सवय मोडली.

२० फेब्रुवारी २०२४. आदल्या दिवशी शिवजयंतीची सुट्टी झाली होती. एका मुलानं वाचलं, "कांद्याची निर्यातबंदी उठली!" आमचं लोणंद म्हणजे कांद्याची बाजारपेठ. बऱ्याच मुलांच्या घरी कांदा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. त्याच दिवशी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या सचिवांनी सांगितलं, की बंदी उठलेली नाही, ३१ मार्चपर्यंत कायम आहे.

आठवड्यानं एका मुलीचे वडील भेटले. म्हणाले, "बाई, पोरगी म्हणली शाळेत बातमी वाचली. मग म्हटलं भाव वाढतोय, थांबू जरा." हळवा कांदा कुठला टिकतोय? काही पिशव्या खराब झाल्या. ते चिडले नव्हते. "शाळेत सांगितलं म्हणजे खरंच असणार," एवढंच बोलले. ते वाक्य मला फार लागलं.

बातमी नेमकी कुठे फसली?

ही काही कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर रचलेली अफवा नव्हती. ८ डिसेंबर २०२३ ला सरकारनं ३१ मार्च २०२४ पर्यंत निर्यातबंदी घातली होती. १८ फेब्रुवारीला बातम्या आल्या, की मंत्र्यांच्या समितीनं ३ लाख टन कांदा निर्यातीला मंजुरी दिली. लासलगावला १७ तारखेला क्विंटलला १,२८० रुपये असलेला सर्वसाधारण दर १९ तारखेला १,८०० वर गेला. पण अधिसूचना निघालीच नव्हती. बैठकीत चर्चा होणं, मंजुरी मिळणं आणि आदेश निघणं या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. मथळ्यात तिन्ही एकच दिसतात.

पुढं मार्चच्या सुरुवातीला बांगलादेशसाठी ५० हजार टन आणि संयुक्त अरब अमिरातीसाठी १४,४०० टन अशी ठरावीक परवानगी मिळाली. २२ मार्चला बंदी पुढील आदेशापर्यंत वाढली. ती उठली ४ मे रोजी, तीही टनाला किमान ५५० डॉलर निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. म्हणजे "उठली" या एका शब्दात किती अटी लपतात बघा.

वहीत लिहून घ्यायचे चार प्रश्न

१. कोण सांगतंय? बातमीत अधिकाऱ्याचं नाव आणि पद आहे का? "सूत्रांच्या माहितीनुसार" असेल तर मुलांनी त्या शब्दांखाली रेघ ओढायची. ती बातमी खोटीच असते असं नाही, पण अजून पक्की नाही.

२. कशाच्या आधारे? आदेश, अधिसूचना, आकडेवारी की नुसतं मत? निर्यातीचा आदेश विदेश व्यापार महासंचालनालय काढतं. तो त्यांच्या संकेतस्थळावर असतो.

३. कधीची? मोबाईलवर आलेल्या कात्रणावर बऱ्याचदा तारीखच नसते. जुनी खरी बातमी आज पाठवली तर तीसुद्धा फसवते.

४. दुसरं कोण सांगतंय? दोन वर्तमानपत्रांत एकाच संस्थेची बातमी जशीच्या तशी छापलेली असेल, तर ते दोन पुरावे नव्हेत, एकच.

लहान वर्गांना पहिला आणि तिसरा प्रश्न पुरे. सहावी-सातवीला चारही जमतात.

आपल्या गावातला सराव

बाजारभावाच्या बातमीवर हा सराव छान होतो. बाजार समिती किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर देते. मथळ्यात बहुधा कमाल दरच येतो आणि तो कधी एखाद्याच चांगल्या वक्कलाला मिळालेला असतो. मुलांना मथळा वाचायला द्या, मग महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावरचे तिन्ही दर फळ्यावर लिहा. "आपल्या कांद्याला किती मिळेल?" असं विचारा. उत्तर मुलंच शोधतात.

आता भाषण

तीन मिनिटांच्या भाषणाला साधारण २५० ते ३०० शब्द लागतात. त्याचे चार भाग करा :

- सुरुवात : घरातलं किंवा गावातलं एक दृश्य.
- काय घडलं : तारखेनुसार तीन-चार वाक्यं आणि माहिती कुठून मिळाली ते.
- कोणाला काय वाटतं : शेतकऱ्याला भाव हवा, गिऱ्हाइकाला स्वस्त कांदा हवा, सरकारला देशात पुरेसा माल हवा. तिन्ही बाजू मांडायच्या.
- माझं मत : "मला असं वाटतं" म्हणून, कारणासह.

माहिती कुठून मिळाली हे बोलण्यात सहज आणता येतं. आमच्या एका विद्यार्थिनीनं असं म्हटलं : "ही बातमी मी वर्तमानपत्रात वाचली. त्यात सरकारी आदेशाचा उल्लेख नव्हता, म्हणून मी अजून 'बंदी उठली' असं म्हणणार नाही." त्या दिवशी मी परत टाळ्या वाजवल्या.

पाठांतर टाळा. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर फक्त तारखा, आकडे आणि मुद्दे लिहू द्या. अडखळलं तरी चालेल, मुलाचे शब्द मुलाचेच राहतात.

पालकांसाठी

भाषण तुम्ही लिहून देऊ नका. त्याऐवजी मूल काही सांगत आलं की विचारा, "हे तुला कुठं कळलं?" आणि तुम्ही स्वतः एखादा मेसेज पुढे पाठवला आणि तो चुकीचा निघाला, तर मुलासमोर तसं सांगा. मी पुढच्या परिपाठात वर्गाला सांगितलं, "ती बातमी आपण न तपासता वाचली. चूक माझी." मुलं शांत ऐकत होती. तेव्हापासून बातमी वाचणारं मूल आधी तारीख आणि वर्तमानपत्राचं नाव सांगतं.

६ जानेवारीला पत्रकार दिन असतो. १८३२ साली याच दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं. हा उपक्रम सुरू करायला तो दिवस चांगला आहे. पण तोपर्यंत थांबू नका. उद्याच्या परिपाठात बातमी आहेच.