प्राण्यांसाठी दिलेले दान जाते कुठे?

जखमी कुत्र्याची जाहिरात पाहून आपला हात खिशाकडे जातो. पण अमेरिकेत अशा आवाहनांतून मोठ्या झालेल्या संस्थांवर अनेकांचा विश्वास राहिलेला नाही. असे का झाले, हे आपण समजून घेतले पाहिजे.

न्यूयॉर्कची 'एएसपीसीए' ही संस्था १८६६ साली स्थापन झाली. अनेक शहरांतील प्राणी निवाऱ्यांच्या नावातही 'एसपीसीए' असते. मात्र ते स्वतंत्र आहेत, तिच्या शाखा नाहीत. दात्याला वाटते, पैसा आपल्या गावातील निवाऱ्याला मिळाला. प्रत्यक्षात तो राष्ट्रीय संस्थेकडे जातो. त्यातच सर्कशीतील हत्तींच्या खटल्यातून उद्भवलेला वाद मिटवताना या संस्थेने २०१२ मध्ये, चूक मान्य न करता, सर्कस कंपनीला ९३ लाख डॉलर दिले.

पगार, जाहिरात, कायदेशीर लढाई यांवर खर्च होणे म्हणजे भ्रष्टाचार नव्हे. दात्याला ते ठाऊक असावे, एवढेच. तिथे संस्थांचा 'फॉर्म ९९०' कोणीही पाहू शकतो. आपल्याकडे सार्वजनिक न्यासांचे हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातात. म्हणून देण्यापूर्वी नोंदणी क्रमांक आणि लेखापरीक्षण अहवाल मागू या.

करुणा डोळस हवी. मात्र संशयापोटी दानच थांबवले, तर उपाशी राहील तो मुका जीव.