पोटातील बाळाचे छायाचित्र : हौस आणि तपासणी

गर्भवती स्त्रीने एखाद्या दुकानात जावे, पडद्यावर पोटातील बाळाचा चेहरा पाहावा आणि आठवण म्हणून त्याची त्रिमिती छायाचित्रे व चित्रफीत घेऊन घरी परतावे, असा व्यवसाय अमेरिकेत गेली काही दशके चालत आला आहे. तेथे डॉक्टर असतोच असे नाही. रोगनिदान हा हेतूही नसतो. परदेशस्थ नातेवाइकांनी पाठविलेली अशी छायाचित्रे पाहून आपल्याकडील दांपत्येही सोनोग्राफी केंद्रात तशी मागणी करू लागतात. डोहाळजेवणाला जमलेल्या मंडळींना बाळाचे मुखदर्शन घडवावे, ही इच्छा समजण्यासारखी आहे. तथापि ती पुरी करण्यापूर्वी काही गोष्टी ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

सोनोग्राफीत क्ष-किरण वापरले जात नाहीत. मानवी कानास ऐकू न येणाऱ्या उच्च वारंवारतेच्या ध्वनिलहरी पोटात सोडल्या जातात व त्यांच्या प्रतिध्वनींपासून पडद्यावर चित्र उमटते. ग्लासगो येथील प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी सहकाऱ्यांसह १९५८ मध्ये या पद्धतीने मिळविलेली गर्भाची चित्रे प्रसिद्ध केली. तेव्हापासूनच्या अनुभवात, वैद्यकीय कारणासाठी केलेल्या तपासणीने बाळाला अपाय झाल्याचे सिद्ध झालेले नाही. मात्र या लहरींमुळे पेशीसमूह किंचित तापू शकतात. म्हणून आवश्यक तेवढ्याच शक्तीने व तेवढाच वेळ यंत्र चालवावे, असा वैद्यकशास्त्राचा दंडक आहे. चेहरा नीट दिसेना म्हणून बाळ वळेपर्यंत यंत्र पोटावर फिरवीत राहणे या दंडकात बसत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही केवळ आठवणीखातर अशी चित्रे काढू नयेत, असा सल्ला दिला आहे.

याहून मोठा धोका खोट्या दिलाशाचा आहे. बाळाच्या अवयवांची सविस्तर तपासणी साधारणतः १८ ते २० व्या आठवड्यात होते. पाठीच्या कण्यातील दोष, हृदयाचे कप्पे, मूत्रपिंडे, वारेची जागा, गर्भजलाचे प्रमाण हे सारे त्या वेळी पाहिले जाते. चेहऱ्याचे सुबक चित्र मात्र बहुधा २६ व्या आठवड्यानंतर मिळते, आणि त्यावरून हृदयातील दोष कळत नाही. पहिली तपासणी टाळून २८ व्या आठवड्यात गोंडस चेहरा पाहिला आणि ‘सर्व ठीक आहे’ असे मानले, तर मोलाचे आठवडे हातचे गेलेले असतात. दोष वेळीच कळला तर नवजात बालकावर शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा रुग्णालयात बाळंतपणाची व्यवस्था करता येते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर विशिष्ट गटातील स्त्रियांना २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताची परवानगी मिळते. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाचा निर्णय लागतो. घरी बाळाचे ठोके ऐकण्याच्या उपकरणांचीही हीच गत आहे. आईच्याच नाडीचा ठोका बाळाचा समजून, हालचाल मंदावल्यावरही घरीच थांबणे घातक ठरू शकते.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि ती दुःखद आहे. राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६ होती. ती २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाली. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ चा असून २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. त्यानुसार गर्भवतीची सोनोग्राफी नोंदणीकृत केंद्रात, पात्र डॉक्टरांकडून व ठरवून दिलेल्या वैद्यकीय कारणांसाठीच करता येते. हौसेचे छायाचित्र हे त्यांपैकी कारण नव्हे. प्रत्येक तपासणीची ‘फ’ नमुन्यात नोंद होते. बाळाचे लिंग जाणून घ्यावयाचे नाही, असे गर्भवतीला त्यात लिहून द्यावे लागते. लिंग सांगणे आणि विचारणे, दोन्ही गुन्हे आहेत. पती व सासरची मंडळीही त्यातून सुटत नाहीत.

यंत्र घरी आणून तपासणी करून देण्याची तयारी कोणी दाखविल्यास ती स्पष्ट नाकारावी. केंद्रात गेल्यावर नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी भागी लावलेले आहे काय, हे पाहावे. ही तपासणी कशासाठी आहे, हे डॉक्टरांना विचारण्यात संकोच बाळगू नये. आवश्यक तपासणीच्या अहवालासोबत बाळाचे एखादे चित्र मिळाले, तर ते अवश्य जपून ठेवावे. त्यासाठी वेगळी तपासणी मागू नये. खर्चाच्या भीतीने आवश्यक तपासणी टाळण्याचेही कारण नाही. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दरमहा ९ तारखेला शासकीय आरोग्य संस्थांत गर्भवतींची विनामूल्य तपासणी केली जाते.