गाठ एक, संशयित अनेक

बाळाचे अंगावरचे दूध सुटून वर्ष-दोन वर्षे झालेली असतात आणि तिशीतल्या एखाद्या स्त्रीच्या स्तनात टणक, दुखरी गाठ येते. त्वचा लाल होते, गाठ फुटून पू वाहतो, जखम महिनोन्‌महिने भरत नाही. ही गाठ कर्करोगाची वाटू शकते. केसलर आणि वोलॉक यांनी १९७२ साली या विकाराचे वर्णन केले, तेव्हा त्यांनी नेमके या साम्याकडेच लक्ष वेधले. त्याचे नाव ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस.

एखादी गोष्ट नष्ट करता आली नाही, की शरीरातील भक्षक पेशी तिच्याभोवती दाटीने जमून तिला कोंडून ठेवतात. पेशींच्या या पुंजक्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. या विकारात तो दूध तयार करणाऱ्या खंडिकांमध्ये आढळतो. मग येथे पेशी कोंडतात तरी कशाला?

आपल्या देशात पहिला संशय क्षयाचा. क्षयाच्या जंतूंभोवतीही ग्रॅन्युलोमा होतो. म्हणून जंतूंचा शोध घ्यावाच लागतो. क्षय नसताना त्याची औषधे दिली, तर स्त्री कित्येक महिने ती विनाकारण घेते. उलट, क्षय असताना नुसती स्टिरॉइडे दिली, तर तो बळावतो.

क्षय नाही असे ठरले, की तीन शक्यता उरतात. पहिली दुधाची. नलिकेतून दूध आजूबाजूच्या ऊतींत झिरपते आणि तेथे दाह होतो. बहुतेक रुग्ण अलीकडच्या काही वर्षांत बाळंत झालेल्या असतात. काहींच्या रक्तात प्रोलॅक्टिन हे दूध आणणारे संप्रेरक वाढलेले आढळते. पण असंख्य स्त्रिया मुलांना पाजतात. विकार मात्र विरळा.

दुसरी जंतूंची. कॉरिनेबॅक्टेरियम क्रॉपेनस्टेटी या जंतूचे वर्णन १९९८ साली झाले. पुढे २००२ साली न्यूझीलंडमधील संशोधकांनी तो अशा रुग्णांत आढळल्याचे प्रसिद्ध केले. हा स्निग्धप्रिय जंतू नेहमीच्या माध्यमावर नीट वाढत नाही, म्हणून सहज निसटतो. पण तो सर्वच रुग्णांत सापडत नाही.

तिसरी शक्यता, प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच ऊतींवर उलटण्याची. स्टिरॉइडांनी गाठ कमी होते, हा तिचा आधार. परंतु स्टिरॉइडे अनेक प्रकारचे दाह शमवतात. गोळीने ताप उतरला म्हणून तापाचे कारण कळत नाही. शिवाय काही गाठी औषधाविनाही हळूहळू विरतात. तेव्हा गुण औषधाचा की काळाचा, हे तुलनेसाठी दुसरा गट असल्याशिवाय सांगता येत नाही.

कदाचित तिन्ही गोष्टी एकाच साखळीच्या कड्या असतील: दूध झिरपते, त्यातील स्निग्धांशावर जंतू वाढतो, प्रतिकारयंत्रणा खवळते. साखळी जुळते, पण जुळणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली क्षयाचा जंतू नुसता दाखवला नाही. तो वेगळा वाढवून, प्राण्यांना टोचून त्यांच्यात क्षय निर्माण केला. येथे तसा पुरावा अजून नाही. म्हणूनच कारण न सापडलेल्या रुग्णांत या विकाराच्या नावामागे ‘अज्ञातहेतुक’ हे विशेषण लावतात.

रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की गाठ कशाची हे हाताला कळत नाही. सुईने काढलेला ऊतीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो. संकोचाने हे लांबणीवर टाकू नये, हे वर्गातल्या मुलींना आणि त्यांच्या आयांना शिक्षिका सहज सांगू शकतात.